बाहेरून बसवलेली जाळी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी जाळी आहे, चोरांपासून राखण म्हणून खिडकीला लावतात तसली. आज मी घरामागच्या भिंतीला टेकून उभी आहे. माझ्या अंगावरून एक वेल वर चढला आहे आणि खालचे दोन गज गंजून गेले आहेत. नवख्या माणसाला वाटते, ही वेलासाठीच आणून ठेवली असावी. वाटू दे. पण तुम्ही इथवर आला आहात आणि घाईतही दिसत नाही, म्हणून सांगते. माझी गोष्ट फारशी आनंदाची नाही. तिच्यातला चोर घटकाभरच भेटतो. बाकी सगळी माणसे चांगलीच आहेत, आणि म्हणूनच ती सांगताना मला जड जाते.

माझा जन्म गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये झाला. वर्कशॉप म्हणजे काय, तर पत्र्याचे छप्पर, एक वेल्डिंगचे मशीन, गज कापायचे कटर आणि दाराशी उभे करून ठेवलेले अर्धवट दरवाजे. तिथल्या कारागिराला सगळे मिस्त्री म्हणत. त्याचे नाव कोणी विचारत नसे आणि त्यालाही त्याचे काही वाटत नसे. माणूस अबोल, पण कामाला मोठा कडक. खिडकीचे माप तो एकदा टेपने घेई आणि मग सुतळीने पुन्हा घेई. दोन्ही जुळली तरच गजाला हात लावी. दोन गजांत अंतर चार बोटांचे. उजेड जास्त यावा म्हणून कोणी अंतर वाढवायला सांगितले, तर तो म्हणे, लेकराचं डोकं शिरलं की चोराचं धड शिरतं. मग पुढे बोलायची सोय नसे.

मी तयार झाले तेव्हा त्याने मला दोन लाकडी ठोकळ्यांवर आडवी ठेवली आणि चपला काढून माझ्या मधोमध उभा राहिला. प्रत्येक जाळीची तो अशी परीक्षा घेई. एखादा सांधा कुरकुरला, तर तिथे पुन्हा वेल्डिंग. मी कुरकुरले नाही. तो खाली उतरला, माझ्यावरून हात फिरवला आणि नुसते "हं" म्हणाला. पुढे आयुष्यात मला पुष्कळ स्तुती ऐकायला मिळाली, पण त्या "हं"ची सर कशालाच आली नाही.

त्याचा एक नेम होता. जाळी बसवायची ती घराच्या आतल्या बाजूने. 'स्क्रूचं डोकं घरात,' असे तो म्हणे. स्क्रूचे डोके बाहेर राहिले, तर चोराला गज कापावे लागत नाहीत आणि वाकवावेही लागत नाहीत. साधा स्क्रूड्रायव्हर पुरतो, आवाजसुद्धा होत नाही. जाळी बसली की तो प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर वेल्डिंगचा एक टाका मारी, म्हणजे तो स्क्रू पुन्हा फिरायचे नाव घेत नसे. वीस वर्षांत त्याने बसवलेल्या एकाही खिडकीतून कोणी आत शिरले नव्हते. गल्लीतली माणसे बाहेरगावी जाताना घराची किल्ली त्याच्याकडे ठेवून जात. त्याच्या दारामागे खिळ्यांची एक रांगच होती, किल्ल्या अडकवायला.

ज्या घरासाठी मला केले होते, ते एका म्हाताऱ्या घड्याळजींचे. त्यांना सगळे घड्याळकाका म्हणत. त्यांनी दुकान बंद केले होते, पण हात काही स्वस्थ बसेनात, म्हणून घरीच काम करत. रस्त्याच्या बाजूची तळमजल्यावरची खोली त्यांची. खिडकीखाली टेबल, टेबलावर दिवा, डोळ्याला भिंग आणि समोर कोणाचे तरी घड्याळ उघडे पडलेले. केसासारख्या स्प्रिंगा आणि मोहरीएवढी चाके ते काचेच्या उपड्या वाट्यांखाली मांडून ठेवत.

धूळ हा त्यांचा एकमेव वैरी. घड्याळ पडले तर वाचते, धूळ आत गेली तर मरते, असे ते येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत. त्या खोलीत झाडू फिरवायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचे. चादर झटकायची नाही. त्यांच्या सुनेला तर तिथे शिंकायचीही चोरी होती. बिचारी तोंडावर हात दाबून अंगणात पळे आणि शिंकून परत येई. ती सकाळच्या वेळी एका दवाखान्यात कामाला जाई, तिचा नवरा म्हणजे काकांचा मुलगा दिवसभर कारखान्यात असे. काका घरात एकटे आणि टेबलावर लोकांची घड्याळे, अशी त्या घराची रीत.

त्या वर्षी आमच्या गल्लीत महिन्याभरात दोन घरांत खिडकीतून चोरी झाली. मुलाने ठरवले, आता जाळी हवीच. घरातले काही गेले तर आपले आपण बघू, पण दुसऱ्यांची घड्याळे गेली तर कोणाकोणाला तोंड देणार, असे त्याचे म्हणणे होते. ते खरेच होते.

मिस्त्री मला हातगाडीवर घालून घेऊन आला. ड्रिल मशीन काढून त्याने खोलीत पाऊल टाकले मात्र, घड्याळकाका ताडकन उठले. टेबलावर एक घड्याळ सुटे करून मांडलेले होते. भिंतीला आठ भोके पाडायची म्हणजे विटेची धूळ खोलीभर होणार. आज जमायचे नाही, असे त्यांनी सांगून टाकले. मिस्त्री म्हणाला, मग उद्या येतो. पण घड्याळ उद्याही तसेच असणार होते, आणि मुलाने तर घाई लावली होती. मग काकांनीच तोड काढली.

"बाहेरून बसवा ना. भोकं बाहेरून पाडलीत की धूळ बाहेरच राहील."

मिस्त्रीने मान हलवली. "स्क्रूची डोकी बाहेर येतील काका. मी तसं करत नाही."

"पंधरा दिवसांपुरतं हो. एवढं घड्याळ मिटलं की मी निरोप धाडतो. मग तुमच्या पद्धतीनं आतून बसवा, मी हूं की चूं करणार नाही."

सून चहा घेऊन दारात उभी होती. तिने हे सगळे ऐकले. मिस्त्री बराच वेळ कधी माझ्याकडे तर कधी त्या उघड्या घड्याळाकडे बघत राहिला. दुसऱ्याच्या हातातले काम बिघडवणे त्याच्या जिवावर आले असावे. शेवटी तो बाहेर गेला आणि रस्त्यात उभा राहून मला भिंतीवर बसवू लागला. आठही स्क्रू त्याने नीट पिळले. टाके मात्र मारले नाहीत, कारण पंधरा दिवसांनी स्क्रू पुन्हा काढायचेच होते. मला तेव्हाच कसेसे झाले. राखणदाराने उंबऱ्याबाहेर झोपावे आणि काठी वाटेवर ठेवून द्यावी, तशी माझी गत होती.

पण मला लावल्यावर घरातले निर्धास्त झाले. पूर्वी बाहेर पडताना ते खिडकीची दोन्ही तावदाने लावून वरची आणि खालची कडी घालत. आता 'जाळी आहे ना' म्हणून खिडकी सताड उघडी. समोरच्या घरातल्या मावशी येता-जाता माझ्याकडे बघून म्हणत, जाळी असावी तर अशी. मी फुगून जाई. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, आपण कशावर लटकलो आहोत हे मी पार विसरून गेले होते.

पंधरा दिवस झाले, निरोप काही गेला नाही. विसाव्या दिवशी मिस्त्री आपणहून आला, खांद्याला पिशवी लावून. टेबलावर दुसरे घड्याळ उघडे होते. काका म्हणाले, एवढे मिटू दे. तो परत गेला. पुढच्या महिन्यात पुन्हा आला, तेव्हा तिसरे उघडे. आता घड्याळजीच्या टेबलावर घड्याळ उघडे नाही, असा दिवस उगवतो कुठे? एक मिटायच्या आत काका दुसरे उघडत, त्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ही गोष्ट त्यांच्या स्वतःच्या कधी ध्यानातच आली नाही. मिस्त्रीच्या आली असावी, पण म्हाताऱ्या माणसाला तो बोलला नाही. दोन्ही वेळा त्याने बाहेरून मला हलवून पाहिले, स्क्रू चाचपले आणि गेला. समोरच्या मावशींनी दोन्ही वेळा त्याला खिडकीशी उभे असलेले पाहिले. तिसऱ्यांदा तो आला नाही. कामाच्या धबडग्यात मी त्याच्या डोक्यातून गेले.

मग तो दिवस आला. दुपारचे तीन वाजले होते, लख्ख ऊन पडले होते. काकांचे डोळे तपासायला सून त्यांना घेऊन दवाखान्यात गेली होती. एक माणूस खांद्याला पिशवी लावून आला, खिडकीशी उभा राहिला आणि कोणी बोलावल्यासारखा माझ्याशी खटपट करू लागला. तो इकडेतिकडे बघत नव्हता, घाईही करत नव्हता. पहिला स्क्रू फिरला तेव्हा मी तो अंगातल्या सगळ्या बळाने धरून ठेवू पाहिला. पण स्क्रू फिरायला लागला की गजाचे बळ काय कामाचे? आठही स्क्रू त्याने काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले, मला उतरवले, आत शिरला आणि टेबलावर होती ती सातही घड्याळे पिशवीत भरली. जाताना त्याने मला पुन्हा खिडकीला टेकवून उभी केली, म्हणजे लांबून कोणाला काही कळू नये. समोर मावशी कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी एक पाठ पाहिली, खांद्यावरची पिशवी पाहिली आणि मनाशी म्हटले, आला वाटतं मिस्त्री एकदाचा.

त्या संध्याकाळी काकांच्या खोलीत माणसे जमली. हवालदार होता, काका खुर्चीत होते, मुलगा, सून आणि समोरच्या मावशी होत्या. मला आत आणून भिंतीला टेकवले होते आणि आठ स्क्रू टेबलावर ठेवले होते. मग मिस्त्रीला बोलावून आणले. हवालदाराने एकेक स्क्रू उचलून पाहिला. जाळी बाहेरून निघते हे ठाऊक असलेल्या माणसाचे हे काम आहे, असे तो म्हणाला, आणि हे कोणाकोणाला ठाऊक होते, असे त्याने विचारले.

मावशींनी सांगितले की दुपारी मिस्त्री खिडकीशी उभा होता. त्या खोटे बोलत नव्हत्या, त्यांना खरोखरच तसे वाटत होते. मग मुलगा उसळला. मला बसवली तेव्हा तो कारखान्यात होता, बाहेरून बसवायला कोणी सांगितले हे त्याला बिचाऱ्याला माहीत नव्हते. जो माणूस साऱ्या गावाच्या जाळ्या आतून बसवतो, त्याने आमचीच का बाहेरून बसवली आणि टाके का मारले नाहीत, एवढे सांगा, असे तो म्हणत राहिला.

मिस्त्रीने काकांकडे पाहिले. एकदाच. सुनेनेही पाहिले. काका खाली मान घालून त्या आठ स्क्रूंकडे बघत होते. मित्रांनो, एक वाक्य पुरे होते. 'मीच सांगितलं होतं,' एवढे तीन शब्द. पण सात घड्याळांचे सात मालक त्यांच्या डोळ्यांपुढे उभे होते, आणि माझ्या हट्टापायी तुमची घड्याळे गेली, हे त्या सातजणांना सांगायची त्यांची छाती होईना. ते मूग गिळून बसले. मला इतका संताप आला की मी लोखंडाची नसते तर तडकले असते.

मिस्त्री काकांचे नाव घेऊ शकला असता. त्याने घेतले नाही. तो म्हणाला, "काम माझ्या हातचं आहे साहेब. बाहेरून बसवायला मी नाही म्हणायला पाहिजे होतं, ती चूक माझी. पण चोरी मी केलेली नाही."

हवालदाराने विचारले, दुपारी तीन वाजता कुठे होतास? तो वर्कशॉपमध्ये एकटाच गज कापत होता. आता गजांची साक्ष कोण घेतो?

पुरावा काही नव्हता, म्हणून त्याला अडकवले नाही. पण रोज सकाळी चौकीवर हजेरी लावायला सांगितले, आणि रोज सकाळी चौकीवर जाणारा माणूस साऱ्या गल्लीला दिसतो. मी भिंतीला टेकून उभी होते, उघड्या खिडकीतून सगळे ऐकू येई. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी कानांनी ऐकले. कोणी म्हणे, वरून किती साधा दिसायचा. कोणी म्हणे, तरीच मापं दोन-दोनदा घ्यायचा, घर हेरून ठेवत असणार. ज्या सवयीचे लोक वीस वर्षे कौतुक करत होते, तीच आता त्याच्यावर उलटली. ज्यांनी किल्ल्या ठेवल्या होत्या त्यांनी त्या एकेक करून परत नेल्या. शाळेच्या बारा खिडक्यांचे काम त्याच्याकडे आले होते. मुख्याध्यापकांचा निरोप गेला, तूर्त राहू द्या. लोक आपापल्या खिडकीशी जाऊन त्याने बसवलेल्या जाळ्या हलवून बघत. एकही हलली नाही, पण त्याचे श्रेय त्याला कोणी दिले नाही.

घरात काका टेबलाशी जात नसत. जेवायला बसत, दोन घास खात आणि उठत. मला रोज वाटे, आज बोलतील. सुनेलाही तेच वाटत असावे. हवालदारासमोर सासऱ्यांना उघडे पाडायला तिची जीभ रेटली नव्हती. त्यांनी स्वतःहून बोलावे म्हणून ती वाट बघत राहिली. वाट बघता बघता आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी तिच्या दवाखान्यातली नर्स आली. सातांतले एक घड्याळ तिचे होते. त्याला लांब सेकंदकाटा होता, त्यावर ती रोग्यांची नाडी मोजायची. बाई रागावली नाही, काही पत्ता लागला का, एवढेच तिने विचारले. काका म्हणाले, "काय सांगू बाई, त्या मिस्त्रीनं स्क्रू बाहेरून बसवले. मला त्यातलं काय कळतंय?"

जन्मभर स्क्रू पिळण्यात ज्यांचे केस पांढरे झाले, ते हे बोलले. नर्स गेली. सुनेने दार लावले आणि काकांसमोर येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत तिने त्या खोलीत कधी आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही.

"बाबा, इतके दिवस तुम्ही गप्प होतात. आज खोटं बोललात."

काका खुर्चीत मागे टेकले. लोकांनी विश्वासाने दिलेल्या वस्तू होत्या, त्या माझ्यामुळे गेल्या हे कोणत्या तोंडाने सांगू, असे काहीतरी ते पुटपुटले.

"ज्यांची घड्याळं गेली ते दुसरी घेतील," ती म्हणाली. "मिस्त्रीदादांनी दुसरं नाव कुठून आणायचं?"

 मग तिने सांगितले की त्या दिवशी चहा घेऊन दारात मीही होते, मीही ऐकले आणि गप्प बसले, तेव्हा यातला निम्मा दोष माझा आहे. उद्या सकाळी तुम्ही गेला नाहीत तर मी चौकीवर जाणार. हे सांगताना तिचे डोळे भरून आले होते.

"तू नको जाऊस," काका म्हणाले. "खरं काय ते माझ्या तोंडून कळू दे."

त्या संध्याकाळी त्यांनी मुलाला सगळे सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी एक हातगाडी आणवली आणि मला तिच्यावर चढवायला लावले. मुलगा गाडी ढकलू लागला. मला वाटले, थेट मिस्त्रीकडे नेणार. पण काकांनी गाडी आधी समोरच्या दारी थांबवली. मावशी बाहेर आल्या. काकांनी माझ्या वरच्या पट्टीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ही जाळी बाहेरून बसवायला मी सांगितलं. मिस्त्री नको म्हणत होता." मावशी गोंधळून गेल्या. मग त्यांनी स्वतःच कबूल केले की आपण तोंड पाहिलेच नव्हते, पाठ पाहिली होती. त्यांनी पायात चपला घातल्या आणि त्याही गाडीबरोबर निघाल्या.

जिथले जिथले घड्याळ गेले होते, त्या प्रत्येक दारी गाडी थांबली. एका मास्तरांचे घर झाले, एका बसड्रायव्हरचे झाले, नर्सचे झाले. सगळीकडे काका तेच वाक्य बोलले. चार वेळा बोलल्यावर सोपे जात असेल असे मला वाटले होते. तसे नसते. प्रत्येक दारी त्यांच्या हाताचा भार माझ्यावर वाढत होता आणि ते मला एकटीलाच कळत होते. ड्रायव्हर म्हणाला, जाऊ द्या काका, घड्याळच ते. दुसऱ्या एका घरी मात्र ऐकून झाल्यावर तोंडावर दार लावले गेले. शाळेत जाऊन काका मुख्याध्यापकांना भेटले. चौकीवर हवालदाराने जबाब लिहून घेतला आणि म्हणाला की हे पहिल्या दिवशी सांगितले असतेत, तर मी दुसरीकडे शोध घेतला असता. काकांनी जबाबाखाली सही केली.

वर्कशॉपवर पोचलो तेव्हा ऊन तापले होते. मशीन बंद होते. मिस्त्री पायरीवर बसून एका खुर्चीचा पाय घासत होता. समोर गाडी, गाडीवर मी, बाजूला काका आणि सून, मागे मावशी आणि वाटेत सामील झालेली आठ-दहा माणसे. त्याने सगळ्यांकडे पाहिले आणि उठून आधी माझ्यापाशी आला. स्क्रू घालायची माझी एक पट्टी चोराने उतरवताना वाकवली होती. ती त्याने हातोडीच्या दोन ठोक्यांत सरळ केली. मग तो काकांकडे वळला.

काकांनी हात जोडले. सगळ्या दारी जे बोलले तेच इथे बोलले. आता साऱ्या गल्लीला खरे कळले आहे, शाळेच्या खिडक्याही तुमच्याकडेच येणार आहेत, तुमचे नाव होते तसे झाले, असेही म्हणाले. मागची माणसे हो हो म्हणाली.

मिस्त्री ऐकून घेत होता. हातातली हातोडी त्याने खाली ठेवली.

"लोक बोलले त्याचं मला काही नाही काका. लोक बोलतातच." त्याने हात पुसले. "परवा आईनं विचारलं. ताट वाढताना म्हणाली, तू नव्हतास ना रे?"

 काकांचे जोडलेले हात तसेच राहिले. सुनेने त्यांना धरून पायरीवर बसवले आणि मिस्त्रीने आतून पाणी आणून दिले.

त्याच दुपारी तो आमच्या घरी आला आणि त्याने मला आतून बसवले. टेबल रिकामे होते, त्यामुळे धुळीचा प्रश्न नव्हता. आठ स्क्रू पिळले, आठ टाके मारले. मग माझ्या मधल्या गजाला दोन्ही हातांनी धरून सगळे अंग टाकून त्याने ओढून पाहिले. मी केसभरही हलले नाही. पिशवी आवरून तो दाराशी थांबला आणि काकांना म्हणाला, "ही माझी शेवटची खिडकी. खिडकी करायची म्हणजे लोकांचं घर आतून बघावं लागतं. ते आता माझ्यानं होणार नाही."

काकांनी विनवले, मुलाने माफी मागितली. मुख्याध्यापक दोनदा जाऊन आले. मिस्त्री कोणावर रागावलेला नव्हता. रस्त्यात काका भेटले तर थांबून त्यांच्या तब्येतीची चौकशी करी. पण त्यानंतर त्याने खुर्च्या केल्या, पलंग केले, जिन्यांचे कठडे केले, खिडकी मात्र एकही केली नाही. वर्षभराने दुसऱ्या वस्तीत एक चोर पकडला गेला. त्याच्याकडे चार घड्याळे सापडली, नर्सचे त्यांत होते. लोक धावत वर्कशॉपवर सांगायला गेले. तो म्हणाला, बरं झालं, बाईंचं घड्याळ मिळालं, आणि पुन्हा कामाला लागला. शाळेच्या बारा खिडक्या दुसऱ्या कोणी तरी केल्या. कशा केल्या ते मला ठाऊक नाही.

मी पुढे कितीतरी वर्षे त्या खिडकीत राहिले. एकदा कोणीतरी माझे गज पहारीने वाकवायचा प्रयत्न केला, त्याला हात हलवत परत जावे लागले. घरातल्यांनी माझे कौतुक केले, नवा रंग दिला. मला त्याचा म्हणावा तसा आनंद झाला नाही. ज्याने मला इतकी घट्ट बसवली होती, त्याला ते कोणी जाऊन सांगितले असेल का, असे मात्र वाटत राहिले. काकांकडे हळूहळू पुन्हा घड्याळे येऊ लागली, पण पूर्वीइतकी नाहीत. पुढे ते गेले. मग मुलाने घराला सरकत्या काचांच्या नव्या खिडक्या बसवल्या, माझे टाके कटरने कापले आणि मला इथे मागे आणून ठेवले. तेव्हापासून पाऊस आणि वेल, एवढीच माझी सोबत.

मित्रांनो, जुन्या जाळीने उपदेश करावा हे तुम्हाला गमतीचे वाटेल. तरी ऐका. आज घरी गेलात की आपल्या खिडकीशी उभे राहा आणि जाळीच्या स्क्रूंची डोकी कोणत्या बाजूला आहेत ते बघा. बाहेर असतील तर मोठ्यांना दाखवा आणि ते उद्या बघू म्हणाले तर उद्या पुन्हा दाखवा. जाळी आहे म्हणून खिडकी उघडी टाकून जाऊ नका. एवढे केलेत तर चोर बहुधा येणार नाही.

पण कधीतरी तुमच्यासमोर कोणावर तरी खोटा आळ येईल आणि खरे काय ते तुम्हाला ठाऊक असेल. तेव्हा नवव्या दिवसाची वाट बघू नका. त्या संध्याकाळी काकांच्या खोलीत मीही होते आणि मलाही सगळे ठाऊक होते. मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.